वॉर्निंग मागच्या पानावर

"मॅडम, वॉर्निंग मॅन्युअलमध्ये आहे की नाही? एवढंच ईमेलवर लिहून पाठवा," मेहता फोनवर म्हणाले.

मेहता म्हणजे आमच्या एका क्लायंटचे प्रॉडक्शन मॅनेजर. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा कारखाना. हॉस्पिटलची उपकरणं वाफेने निर्जंतुक करणारी मशिन्स तिथे बनतात; मोठा, आडवा प्रेशर कुकर म्हणा. आदल्या दिवशी टेस्टिंगच्या वेळी तावडे नावाच्या कामगाराने आत दाब असतानाच दाराचं चाक फिरवलं आणि हात भाजून घेतला. कंपनीचं म्हणणं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असूनही त्याने पाळलं नाही, तेव्हा त्याला काढायचं. त्यासाठी मॅन्युअल बनवणाऱ्यांचा, म्हणजे आमचा, दाखला हवा होता.

मी अंधेरीला एका डॉक्युमेंटेशन कंपनीत स्टाइलशीट लिहिते. म्हणजे काय, ते सासूबाईंना मी पंगतीवरून समजावलं होतं. मॅन्युअलचा मजकूर कॉम्प्युटरमध्ये नुसता लेबलं लावून ठेवलेला असतो: ही स्टेप, ही वॉर्निंग. दिसायचं कसं, ते त्यात नसतं. तो झाला स्वयंपाक. अक्षर केवढं, चौकट कुठे, पान कुठे तोडायचं, हे स्टाइलशीट ठरवते. "म्हणजे तू वाढपी," सासूबाई म्हणाल्या. तसंच काहीसं.

मी पीडीएफ उघडली. दाब शून्यावर आल्याशिवाय दार उघडू नये, ही वॉर्निंग एका पानाच्या तळाला होती. चाक डावीकडे फिरवा, ही स्टेप पुढच्या पानाच्या माथ्यावर.

वॉर्निंग आणि तिची स्टेप तोडू नये, असा नियम स्टाइलशीटमध्ये घालता येतो. पानावर दोघींना जागा नसेल तर दोघी जोडीने पुढच्या पानावर जातात आणि मागच्या पानाचा तळ कोरा राहतो. आमच्या स्टाइलशीटमध्ये तो नियम होता. पण पहिली प्रत बघून मेहता म्हणाले होते, "अर्धं अर्धं पान रिकामं सोडता? कागद काय फुकट येतो?" मी कारण सांगितलं. त्यांना पटलं नाही. आमच्या देशपांडे सरांनी नियम काढायला लावला.

आताही सर म्हणाले, "मृणाल, 'वॉर्निंग आहे' एवढंच लिही. खोटं आहे का ते?"

"खोटं नाही, सर."

"मग झालं ना. मोठा क्लायंट आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. आधी मशीन बघून येते म्हटलं आणि चारकोप गाठलं.

तिथे मॅन्युअल ऑफिसच्या कपाटात, कुलुपात होतं. मशीनवर एकच पान, लॅमिनेट करून चिकटवलेलं. ऑडिटवाल्यांना बरं दिसतं म्हणून प्रत्येक मशीनवर 'कामाचं पान' लावायची त्यांची पद्धत. कामाचं पान म्हणजे स्टेप्सचं. ते चाक फिरवण्यापासूनच सुरू होत होतं. वॉर्निंग मागच्या पानावर, आणि मागचं पान कपाटात.

तावडे बाजूला स्टुलावर बसले होते, हाताला पट्टी. ते एरवी कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये, रंगकामाला. टेस्टिंगचा माणूस गावी गेला म्हणून त्यांना इकडे लावलेलं.

"त्या पानावर होतं तेच केलं, मॅडम. मनाचं काय नाय केलं," ते म्हणाले. "मुलगी बारावीला आहे. काय ते लवकर कळलं तर बरं."

मेहतांना मी मशीनजवळच गाठलं. "ईमेल पाठवते," मी म्हटलं. "पण त्यात दोन वाक्यं असतील. वॉर्निंग मॅन्युअलमध्ये आहे. या पानावर नाही."

मेहता पानाकडे बघत राहिले.

"हे पान लावायला कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"मीच. पण पान तोडलंत तुम्ही."

"तोडलं आम्ही. का तोडलं, तेही लिहू का?"

देशपांडे सरांना मी तिथूनच फोन लावून दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. "वाट लावशील तू एक दिवस," सर म्हणाले, पण थांबवलं नाही.

ईमेल गेला. तावडेंना काढायचं बारगळलं. हात बरा झाल्यावर ते पेंट शॉपला परत गेले. मला हायसं वाटलं. क्लायंटही टिकला. मी नियम परत घातला, मॅन्युअल थोडं जाड झालं. नवी पीडीएफ बघून मेहतांनी 'ओके' एवढंच कळवलं.

पुढे दुसऱ्या मशीनच्या कामाला चारकोपला गेले, तेव्हा नवं पान लागलेलं दिसलं. वॉर्निंग वर, स्टेप तिच्याखाली, आणि तळाला चांगली ऐसपैस कोरी जागा. त्या जागेत कोणीतरी जाड मार्करने गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'आधी काटा शून्य. मग दार.' वरून लॅमिनेशन.

तावडे चहाला निघाले होते. "हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"मेहता साहेबांनी," तावडे म्हणाले. "बोलले, एवढी जागा आहे तर लिहितो."

हल्ली क्लायंट कोऱ्या जागेवरून कुरकुरला की मी नियम समजावत बसत नाही. पान छापून कुठे चिकटवणार, ते आधी विचारते.