व्याह्यांचा गडी आणि फोटोवाला

आमच्या व्याह्यांइतका शंकेखोर माणूस परमेश्वराने एकच घडवला असेल, आणि तो घडवतानाही व्याही शेजारी उभे राहून "माती चाळून घेतली का?" असं विचारत असतील. माझ्या मुलीचे सासरे आहेत म्हणून मी बोलतेय असं नाही, संगमनेराकडची चार गावं हेच सांगतील. जन्मभर त्यांनी गावच्या दूध संस्थेत फॅट काढायचं काम केलं. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाटलीत घ्यायचा, बाटलीला चिठ्ठी लावायची, आणि कुणी भांडायला आलं की बाटली पुढे करायची. नोकरी संपली, सवय संपली नाही. लग्नात पंगतीला बसले की आधी बासुंदीत बोट बुडवून उजेडाकडे धरतात. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलेलं वचन घरी येऊन बायबलात ताडून बघतात आणि पुढच्या रविवारी दारातच गाठतात, "साहेब, अध्याय बरोबर हुता, वचन एक खाली हुतं." माझ्या मुलीला बघायला ते आमच्या काष्टीला तीनदा आले आणि तिन्ही वेळा न कळवता आले. एकदा बाजारच्या दिवशी, एकदा भर दुपारी, एकदा आम्ही अंगण सारवत होतो तेव्हा. तिसऱ्यांदा मी शेणाच्या हातानेच विचारलं, "आता काय बघायचं राहिलं?" तर म्हणाले, "एका नमुन्यावर मानूस कळत न्हाई, इहीनबाई." लग्न अजून ठरलं नव्हतं तरी इहीनबाई म्हणाले, त्यावरून मी निकाल ओळखला.

त्यांची बायको अगदी उलट. मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने, आणि अंदाज चुकला तर हसून मोकळी. तिची आणि त्यांची चाळीस वर्षं कशी निभावली, हे मला कळलं नाही. माझ्या मुलीने या सासूसाठी इंटरनेटवर पानं करून दिली होती. सासू चुलीशी बसून सांगायची, सून संध्याकाळी कॉलेजातल्या नोकरीवरून आली की टाइप करायची. हुलग्याची शेंगोळी, मासवडी, नाताळच्या करंज्या, आणि मध्येच कुणाची शेळी सुटली, कोण कुणाशी बोलेना झालं, तेही. अशी शंभरावर पानं झाली. दोन वर्षांपूर्वी बाई गेली. पानं राहिली. व्याही रोज चहाच्या वेळी एक पान उघडून बघत, आणि कुणी आलं की बाजारभाव बघतोय म्हणून सांगत.

यंदा ती पानं फुकट ठेवणाऱ्या कंपनीने कळवलं, की महिनाअखेर आम्ही हे सगळं बंद करणार. माझी मुलगी म्हणाली, "मामा, काळजी करू नका, मी सगळा मजकूर उतरवून घेते." तर हे खवळले. "मजकूर नको. पान जसं हाय तसं पायजे. रंग, फोटू, तिनं जितं जागा सोडली ती जागासुदिक. नुसतं फॅट काढून हातात दिलं म्हंजे दूध दिलं का?"

मुलीच्या कॉम्प्युटरवर तेव्हा नुकताच एक एजंट आला होता. माणूस नव्हे. सांगितलेलं काम समजून घेऊन आपणहून करणारी ती एक अक्कल आहे, एवढंच मला कळलं. एजंट हा शब्द व्याह्यांना खपला नाही. एजंट म्हटलं की त्यात दलाली आली, म्हणून त्यांनी त्याचं नाव गडी ठेवलं. गड्याला पानाचा फोटो स्वतः काढता येत नव्हता. ते काम करणारी सेवा दुसरीकडे कुठेतरी होती. पानाचा पत्ता कळवला की वरपासून खालपर्यंत अख्ख्या पानाचं एक लांबलचक चित्र करून पाठवायची. तिचं नाव फोटोवाला. गड्याची आणि फोटोवाल्याची गाठ घालून दिली की गडी एकेक पत्ता देणार आणि फोटोवाला चित्रं धाडणार. व्याह्यांनी गड्याला कामावर ठेवण्याआधी एकच प्रश्न सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला विचारून बघितला. तिन्ही उत्तरं जुळली तेव्हा कुठे मला फोन केला. "इहीनबाई, चार दिस या. चष्मा घिऊन या." त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू, मुलगी दिवसभर कामावर, आणि चौथीपर्यंत का होईना पण शिकलेलं, वाचता येणारं रिकामं माणूस मीच होते.

दोन गाड्या बदलून मी पोचले, तर गोठ्याच्या भिंतीवर खडूने हातभर लांब काहीतरी लिहिलेलं. इंग्रजी अक्षरं, मध्ये आकडे, कशाचा कशाला मेळ नाही. मी विचारलं, "हे काय, म्हशीला पाढे शिकवताय?" म्हणाले, "फोटोवाल्याची चावी हाय. ही दिल्याबिगर तो गड्याला दारात उबा करीत न्हाई." तेवढ्यात मुलगी कामावरून आली आणि भिंत बघून तिने कपाळाला हात लावला.

"मामा, ही चावी गुप्त ठेवायची असते! येणाराजाणारा वाचील."

"वाचू दे की. संस्थेत समद्यांचं फॅट फळ्यावर लिवायचो, कुणी चोरून नेलं का?"

"अहो, ही घेऊन कुणीही आपल्या नावावर फोटो काढील."

"आपल्या गावात? म्हशींचं?"

तिने ती चावी रद्द केली, नवी काढली आणि कॉम्प्युटरमध्येच ठेवली. सासऱ्यांनी भिंत चुन्याने दोन हात देऊन रंगवली, मग उन्हात तिरपं उभं राहून अक्षर दिसतंय का ते तपासलं.

दुसऱ्या दिवशी मुलीने रजा घेतली आणि गड्याची न् फोटोवाल्याची गाठ पडली. मुलगी म्हणाली, सगळे पत्ते एकदमच देऊ. हे म्हणाले, आधी नमुना. एकच पान पाठवलं, शेंगोळीचं. गड्याने लगेच लिहून कळवलं, की फोटो यशस्वीपणे काढला आहे. आम्ही तिघं वाकून बघतो तर कढईचा फोटो झकास, रंग झकास, आणि अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन, जशी काय बिनमाणसाच्या घराच्या खिडक्यांची रांग. "यशस्वी म्हनं!" व्याही एवढंच बोलले. महिना संपायला सहा दिवस होते. त्या दुपारी ते जेवायला बसले ते ताटातला भात नुसता इकडून तिकडे करत राहिले. बासुंदीत बोट घालणारा माणूस आमटीची चवसुद्धा बघेना, तेव्हा मला खरं सांगायचं तर भीती वाटली.

मुलीने गड्याला खोदून विचारलं. त्याने चूक कबूल केली. चित्र आलं एवढंच मी पाहिलं, त्यात काय आहे ते पाहिलं नाही, असं त्याने सरळ लिहिलं. माणसं इतकं सरळ लिहीत नाहीत. मग सांगितलं, की फोटोवाल्याकडे मराठी अक्षरांचे साचे नाहीत. ते साचे पानाबरोबर मागवता येतात, पण ते पानाच्या मागून येतात. मुलीने साचे मागवले, पुन्हा फोटो काढला. पुन्हा चौकोन. तिसऱ्यांदा काढला. चौकोनच. ती बिचारी रडकुंडीला आली. व्याही खाटेवर पाठ करून पडले होते. तिकडूनच म्हणाले, "साचे मागनं येत्यात म्हनलीस ना?"

"हो, मामा."

"मग त्यो फोटोवाला थांबतो का?"

"म्हणजे?"

ते उठून बसले. "अगं, दूध वतलं की वर फेस येतो. फेस बसायच्या आधी दूध मोजायची डिग्रीची नळी लावली तर ती काय बी आकडा सांगती. नव्या पोरांची हीच खोड. थांबायचं! फेस बसू द्यायचा, मग लावायची. त्याला म्हणावं, पान उघड, हाताची घडी घाल, आनि मनातल्या मनात धा म्हन. मग काढ फोटू."

मुलीने तसंच गड्याला सांगितलं, हाताची घडी वगळून. फोटोवाल्याला थांबायला सांगायची सोय होतीच, कुणी सांगितलंच नव्हतं. चौथा फोटो आला आणि चौकोनांच्या जागी माझी विहीण बोलायला लागली, "हुलग्याचं पीठ घट्ट मळावं. हात दुखले तर सुनेला हाक मारावी." मुलगी हसली आणि पदराने नाक पुसून स्वयंपाकघरात गेली. व्याही आमटी गरम करा म्हणाले.

बाकीची पानं गड्याने एका दुपारीत आणली. संपलं असं मला वाटलं, पण मी माणूस ओळखायला चुकले. प्रत्येक फोटो खऱ्या पानाशी ताडून बघायचा होता. म्हणून तीन दिवस आम्ही ओसरीवर समोरासमोर बसलो. मी फोटोवरून मोठ्याने वाचायची, ते कॉम्प्युटरवर अक्षरं कलिंगडाएवढी करून पान धरायचे आणि प्रत्येक ओळीला "हूं" म्हणायचे. एका पानावर माझं नाव निघालं. लिहिलं होतं, माझी काष्टीची विहीण बोलते तोडून, पण तिच्यासारखी बाजरीची भाकरी मला या जन्मी जमायची नाही. व्याही माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बघताय काय, खोटं लिहिलं नाही तिने. हूं म्हणा." करंज्यांच्या पानावर मात्र सारणातला गूळ सांगायलाच ती साफ विसरली होती. मी म्हटलं, पान बंद व्हायच्या आधी तेवढा घालून घेऊ. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढलेला हा माणूस माझ्या अंगावर आला. "नमुन्यात हात घालायचा न्हाई!" त्यामुळे बिनगुळाच्या करंज्या आता कायमच्या तशाच राहणार.

महिना संपला. पहिल्या तारखेला चहाच्या वेळी व्याह्यांनी रोजचा पत्ता उघडला. पान नव्हतं, पांढरं होतं. त्यांनी कॉम्प्युटर मिटला. माझी पिशवी भरून दारात होती, गाडीला अजून तास होता. म्हणाले, "जाता जाता एक वाचता का?"

"कुठलं?"

"कंचं बी. बेतानं वाचा."

मी फोटोंतून ताकाचं पान काढलं आणि वाचायला लागले. व्याही भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. समोर ताडायला काही नव्हतं, तरी ओळ संपली की हूं येत होतं. मी मुद्दाम एक ओळ गाळली. डोळे न उघडता ते म्हणाले, "मधी, 'लोणी वर आलं की रवी थांबवावी, माणसाने कुठे थांबावं ते लोण्याकडून शिकावं' हे राहिलं." अक्षर न अक्षर तेच होतं.

मी चिडले. "सगळं पाठ होतं तर मला तीन दिवस ओसरीवर कशाला वाळत घातलं?"

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "पाठ हाय, पन ते ती बोलली का मीच जोडलं, ते कशावर ताडून बघायचं, इहीनबाई?"

मी चष्मा नीट केला. त्यांची ओळ फोटोतल्या ओळीवर बोट ठेवून ताडून बघितली. म्हटलं, "तिचंच आहे." आणि पुढची ओळ वाचली.