येऊ का, मामी?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. असले अनुभव वाचून खाली "आवाज तुझ्या डोक्यातला, मित्रा" अशी कॉमेंट टाकणाऱ्यांतला मी. आज तुम्ही मला तेच म्हणालात तरी चालेल... उलट बरंच वाटेल.

मी राहतो संभाजीनगरात, पुंडलिकनगरला. माझी आत्या राहते सिल्लोडच्या पुढं. अजिंठ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की एक तलाव लागतो, त्याच्या काठावर तिची छोटी वस्ती. वस्तीचं मूळ गाव तलावाच्या पोटात आहे. बांध घातला, पाणी चढलं आणि शेती-मेंढरं करणारी माणसं काठावर येऊन मासे धरायला शिकली.

कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुने उंबरे उघडे पडतात. मग प्रत्येकानं अनवाणी जायचं, आपल्या उंबऱ्याबाहेर उभं राहून "येऊ का?" म्हणायचं, जरा थांबायचं आणि आत जाऊन चुलीच्या जागी हळदी-कुंकू वाहायचं, असा इथला रिवाज. विचारायचं मात्र उन्हाळ्यातून एकदाच. आत्या म्हणते, "दोनदा मागणारे इचारतेत, घरचे नाय."

उत्तर अर्थातच कुणाला येत नाही. गप्प म्हणजे हो, असं धरून सगळे आत जातात. आत्या मात्र कधीच आत गेली नाही. गाव सोडायच्या दिवशी तिची सासू उंबऱ्यावर बसून राहिली होती. पाणी जवळ आलेलं, तेव्हा आत्यानंच तिला दंडाला धरून ओढून बाहेर काढलं. सासू एवढंच बोलली, "मला वढून काढलंस ना? आता मी ये म्हणल्याबिगर तू बी आत पाय टाकू नको." काठावर आल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली. तेव्हापासून गाव उघडं पडलं की दर वेळी आत्या विचारते, वाट बघते आणि हळदी-कुंकवाचं ताट तसंच घेऊन परत येते.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी तिच्यासोबत गेलो. तिचे गुडघे गेलेत, माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होती. भर दुपार, गाळाला भेगा पडलेल्या. मी सावलीसाठी तिच्या घराच्या उरल्यासुरल्या भिंतीमागं जाऊन टेकलो. आत्यानं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला.

"येऊ का, मामी?"

सासूला ती मामी म्हणायची. किती आर्जवानं विचारलं तिनं... मला कीव आली. ऊनही लागत होतं. दोन्हीतलं जास्त काय, ते विचारू नका. मी भिंतीआडून आवाज बारीक करून म्हणालो, "ये गं."

मग आत्याचा आवाज आला, "बाहीर ये रे."

मी आलो. दात काढतच आलो, लाज वाटते सांगायला.

"तू बोललास?"

"अगं, गंमत केली..."

"झालं," ती म्हणाली. "औंदाचं इचारणं गेलं माझं." आणि कमरेवर हात ठेवून एकटीच गाळातून निघाली.

मी ताट उचलायला वाकलो. तेवढ्यात उंबऱ्याच्या आतून, अगदी हाताच्या अंतरावरून, म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. जरा वैतागलेला. "येऊ दे की तिला. पाय धुऊन ये म्हणावं."

मी आत डोकावलो, भिंतीमागंही पाहिलं. सावलीत ओल धरून राहिलेल्या गाळात फक्त माझ्याच पावलांचे ठसे होते. ताट तिथंच टाकून मी धावलो.

"आत्या, थांब! बोलवायल्यात तुला. पाय धुऊन ये म्हणतायत!"

ती थांबली. तिचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं आता वळणार. मग तिनं माझ्या गालावर हात ठेवला.

"पुरं कर, बाळा. माझ्यासाठी करायलास, कळतंय मला."

तिनं मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी शेजारची काकू गप्पांत सहज म्हणाली, आत्याची सासू लई कडक, कुणीबी दारात आलं की पहिलं "पाय धुऊन ये"! मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक, मग आत्याला कसं पटवणार? कुणीतरी तुला शिकवलं, हेच ती म्हणणार.

ऊन डोक्यात गेलं असेल, पाण्यावरून कुणाचा तरी आवाज आला असेल. असं सगळं धरून बघितलं. पटत नाही, आणि दुसरं स्पष्टीकरणही माझ्याकडं नाही.

यंदा पाणी ओसरलंच नाही, गाव उघडं पडलं नाही. "मासे चांगले घावायलेत," आत्या फोनवर सांगते. त्या दुपारचा विषय ती काढत नाही. मीही नाही. जन्मभर तिनं एका होकाराची वाट पाहिली. तो आला तेव्हा ऐकायला मी एकटा होतो, आणि माझं खरं वाटू नये याची सोय मीच थोड्या वेळापूर्वी करून ठेवली होती.