टॉवेलखालचं पाचवं बोट

"लई झ्याक झालंय," असं चारचौघांत मोठ्यानं म्हणायचं आणि लगेच खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकायचा. टॉवेलखाली त्यांची गार बोटं माझी बोटं चाचपायची. दोनच बोटं दाबली की मी समजायचो, आमचं काम निम्मंही झालेलं नाही.

इंदापूरच्या बाजारातले ते डाळिंबाचे जुने अडते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. लिलाव आता ओरडून होतो, पण मोठ्या मालाचा खरा सौदा त्यांच्या गाळ्यावर टॉवेलखालीच व्हायचा. व्यापाऱ्याचा हात हातात घ्यायचा, त्यानं बोटांनी भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता नाही.

या सौद्यानंच त्यांची झोप उडवली होती. मुलगा अपघातात गेलेला, आणि गाळा पुढं सूनबाईंनी चालवायचा होता. माल त्यांना तात्यांइतकाच कळायचा. पण बाईशी टॉवेलखाली सौदा करायला कोण तयार होणार, आणि झाला असता तरी सूनबाईंनाच ते नको होतं.

"मी हाय तवर ठीक," तात्या म्हणायचे. "माझ्यामागं हिला गाळ्यावरनं उठवतील. तुमी मोबाईलमधी टॉवेल करून द्या."

जळोचीतल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसची रीत वेगळी. काम थोडं थोडं करायचं, पंधरवड्याला गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्यानं चुका काढायच्या, आम्ही दुरुस्त करायच्या. अजाईल म्हणतात त्याला. सगळी मदार गिऱ्हाइकाच्या तोंडावर, आणि हे तोंड तर नुसतं कौतुक करायचं. तुमच्याही वाट्याला असं माणूस आलं असेल, तर माझी चिडचिड तुम्हाला कळेल.

"तात्या, चुकलंय ते उघड बोला की. त्यासाठीच तर बोलावतो."

"दुसऱ्याच्या मालाला चारचौघांत नावं ठिवायची नसत्यात."

शेवटी मीच नमलो. दाखवून झालं की टॉवेलाची वाट न बघता मीच टेबलाखाली हात पुढं करायचो. बोटं दाबून झाली की दोघं चहाला बाहेर पडायचो. तिथं ते हळूच सांगायचे, आकडे बारीक दिसतात, उन्हात पडदा वाचता येत नाही. आमच्यातल्या एका मुलीनं एकदा विचारलंच, "सर, साखरपुडा कधी?" तात्या सगळ्यांत जास्त हसले.

दोनाची तीन बोटं झाली, तीनाची चार. अख्खा पंजा म्हणजे सौदा पक्का. पंजा काही मिळेना.

उन्हाळ्यात त्यांना बारामतीला दवाखान्यात ठेवलं. सूनबाई उशाशी होत्या. मी मोबाईलवर नवं काम दाखवलं. व्यापारी आपापल्या फोनवर भाव टाकतात, वेळ संपली की सगळ्यांचे भाव नावानिशी एकाखाली एक दिसतात. तात्यांना बोलण्याइतका दम नव्हता. चादरीखाली त्यांनी माझा हात शोधला. चार बोटं दाबली. मी पाचव्याची वाट बघत राहिलो.

"काय राहिलं, तात्या?"

त्यांनी सूनबाईंकडं बघितलं आणि डोळे मिटले. सकाळी ते गेले.

तेव्हापासून माझा उजवा हात माझा राहिला नाही. जेवताना, गाडी चालवताना ती चार बोटं एकदम गार पडायची. भीती वाटायची, सांगायला लाज कसली? ऑफिसात सगळे म्हणत होते, काम झालंय, सुरू करून द्या. माझं धाडस होईना. हे चुकलं तर सूनबाईंचा गाळा जाणार होता.

दहावा-तेरावा उरकल्यावर त्या जळोचीला आल्या. तात्यांच्याच खुर्चीत बसल्या. पडद्यावर भावांची रांग उमटली. सवयीनं माझा हात टेबलाखाली गेला होता.

"हे चुकलंय," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "हरलेल्याचा भाव कुणालाच दिसता कामा न्हाय. ज्याचा कमी पडला, त्याचं बाजारात हसं हुतंय. मग तो परत आपल्या गाळ्यावर येत न्हाय. मामांनी टॉवेलखालचा भाव कधी कुणाला कळू दिला न्हाय."

"तात्यांनी सांगितलं होतं का हे तुम्हाला?"

"न्हाय. गाळ्यावर बसून बघितलंय की मी."

"लिहून घ्या," मी पोरांना म्हणालो.

टेबलाखाली हात तसाच पुढं होता. चार बोटं नेहमीसारखी गार होती. मग करंगळीही गार पडली. पंजा एकदा घट्ट दाबला गेला, आणि सुटला.