मीटरवरची टिकली

आमच्या घरात सण कमी आणि पत्रकं जास्त. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, ताईत-गंड्यांविरुद्ध. मी वाचायला शिकले ती त्या पातळ गुलाबी कागदांवर. आजोबांची तेरवी न करता शाळेला पुस्तकांचं कपाट दिलं, त्याचंही पत्रक निघालं होतं. घरात नियम एकच होता, छापलं म्हणजे पाळायचं. पुढे मीही लिहू लागले. बाबा समजावत लिहितात. मी लिहायला बसले की माझ्यासमोर कोणीतरी आरोपी उभा असतो.

निवृत्तीनंतर बाबांना दूरवर गाडी चालवणं झेपेना. जुनी पेट्रोलची गाडी, तिनं गावोगाव पत्रकांचे गठ्ठे वाहिले. ती विकायची ठरली तेव्हा बाबांनी तिचंही पत्रक काढलं. मेहकरच्या बसस्टँडवर लोकांना हसू आलं, आम्हाला नाही. टायर कधी बदलले, डावं दार कुठे घासलं, सगळं त्यात लिहिलं होतं. शेवटची ओळ ठळक होती : ‘या गाडीचा एकही दोष लपवलेला नाही.’

पत्रकं वाटून झाली आणि मीटरमधला पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा तो दिवा.

बायपासवरच्या मेकॅनिकनं स्टिअरिंगखाली मशीनची पिन खोचली. पडद्यावर एक आकडा आला. “तीन नंबरचा सिलिंडर बराबर पेटून नाही राह्यला,” तो म्हणाला. त्यानं प्लग बदलला, कॉइल बदलली, मशीनवरूनच दिवा पुसला. आम्ही खुशीत निघालो. हिवरा आश्रमाला बाबांचे एक जुने सहकारी राहतात, त्यांना भेटून परत येताना दिवा पुन्हा लागला.

मेकॅनिकनं यावेळी मशीन काढलंच नाही. “सर, दिवा मी म्हणाल तितक्या वेळा पुसून देतो. पण इंजिन उघडल्याशिवाय खोट जाणार नाही. आतला व्हॉल्व्ह गेला असंन.”

घरी आल्यावर मी म्हटलं, “बाबा, दुरुस्तीचं पत्रक काढावं लागेल. आपली शेवटची ओळ आता खोटी आहे.”

“काढू,” बाबा म्हणाले.

त्याच संध्याकाळी पत्रक वाचून दुसरबीडहून एका दुकानदाराचा फोन आला. रविवारी गाडी बघायला येतो म्हणाले. मी पत्रकाची आठवण करून दिली. बाबा पुन्हा म्हणाले, काढू. दुसऱ्यांदा तोच शब्द ऐकताना मला तो वेगळा लागला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळी गाडी पुसायला गेले तर मीटरच्या काचेवर टिकली. मरून रंगाची, आईच्या पाकिटातली, बरोबर त्या दिव्यावर. मी गाडी चालू केली. बाकीचे दिवे लागले, विझले. टिकलीच्या कडेनं केसाएवढा पिवळा उजेड दिसत राहिला, तोही जवळून पाहिलं तरच.

आईनं लावली असेल असं मला एक क्षणही वाटलं नाही. आई त्या गाडीत मागेच बसते. बाबांना मी ओळखते. छापलेलं खोटं पडू नये म्हणून त्यांनी खरं झाकून टाकलं होतं. असा घोटाळा फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. बाबा अंगणात खुर्च्या मांडत होते, माझ्याकडे बघत नव्हते. मी कोणाकोणाला भर चौकात जाब विचारले आहेत. त्या दिवशी मी काच सोडून बाकी गाडी पुसली.

आले ते मायलेक. मुलाचं दुसरबीडला हायवेवर किराण्याचं दुकान, आईच्या डोळ्यांसाठी सारखं जालन्याला जावं लागायचं. गाडी तो नुकताच शिकला होता. आमचं पत्रक त्याच्या खिशात चौपदरी घडी करून ठेवलेलं होतं.

“गुरुजी,” तो म्हणाला, “मले गाडीतलं काही समजत नाही. या कागदाच्या भरोशावर आलो. म्हतारीले घेऊन रस्त्यात अडकलो नाही म्हंजे झालं.”

“बसा, चालवून पाहा,” बाबा म्हणाले.

तो चालवायला बसला, बाबा शेजारी, मी आणि त्याची आई मागे. म्हातारी पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकून सगळं निरखत होती.

“अवं माय, मीटरले टिकली लावेल हाय,” ती म्हणाली. “लोकं म्हंतात गुरुजी काही मानत नाहीत. टिकली तं लावली की हो, गुरुजी.”

दसऱ्याला आमच्याकडे सगळे गाडीला हळदकुंकू वाहतात. आमच्या गाडीला कधी कोणी वाहिलं नाही, त्यावरही एक पत्रक आहे. बाबा आता म्हणतील, ही टिकली तशी नाही, असं मला वाटलं. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“घरच्यांनी लावली,” ते म्हणाले.

“मंग बरं झालं. वरून कसाही बोलो माणूस, आतून थोडी भीती असतेच. असली पाह्यजे.”

“गप बस ना वं माय,” मुलगा म्हणाला. “मले गेर दिसू दे.”

“गेर तुले हातानं लागते का डोळ्यानं?”

सुलतानपूरच्या रस्त्याला एका ठिकाणी म्हशी आडव्या आल्या, गाडी थांबली. उभ्या गाडीत इंजिनाची थरथर सीटमधून अंगात येऊ लागली. “जराशी हालून राह्यली का?” मुलानं विचारलं. बाबा काही बोलायच्या आत म्हातारी म्हणाली, “वय झालं तिचं. मी नाही हालत का?” आणि सगळे हसले. बाबासुद्धा. ते हसणं मी आजवर एखाद्या गावपुढाऱ्याच्या तोंडावर पाहिलं असतं तर त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला असता.

मग ती माझ्याकडे वळली. “तू बी बापासारखीच पत्रकं लिहतं म्हंते?”

“हाव, आजी.”

“लिह्यत जाय. खरं बोलणारं कोनी राह्यलं नाही.”

तिच्या डोळ्यांत औषधाचं पाणी होतं, आणि तिचा हात माझ्या गुडघ्यावर. मी बाहेरच्या सोयाबीनकडे पाहत बसले. बोलले तर बाबांच्या आयुष्यभराच्या पत्रकांचं काय होईल, याचा विचार करत होते असं मी नंतर स्वतःला सांगितलं. तो विचार मी तेव्हा करत नव्हते. मला फक्त ती फेरी संपायला हवी होती.

परत आलो. गाडी चालूच ठेवून मुलगा खाली उतरला, बाबांशी कागदपत्रांचं बोलू लागला. गाडी त्याला पसंत होती, ते त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. म्हातारी उतरेना. ती पुन्हा सीटांच्या मधून वाकली.

“उन्हानं सरकली वाटते,” ती म्हणाली, आणि टिकली नीट बसवायला तिनं नखानं ती उचलली.

खाली पिवळा दिवा जळत होता.

तिनं बोटाच्या टोकावरची टिकली पाहिली, मग दिवा पाहिला. “हे काय व्हय?” तिनं मला विचारलं. मला, कारण मी जवळ होते.

मी दाराकडे पाहिलं. दारातून बाबा वाकले. “इंजिनात दोष आहे,” ते म्हणाले. “पत्रक छापल्यावर निघाला. तो झाकायला टिकली मीच लावली.” बाबांचा आवाज वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलताना यायचा तसा आला.

 मुलानं खिशातून पत्रक काढलं, मघाच्याच घडीत बॉनेटवर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर अंगणातला एक खडा ठेवला. राग त्याला यायला हवा होता. तो फक्त लाजला होता, आमच्याऐवजी.

बोलली ती म्हातारी. “झाकायचं व्हतं तं कागद चिकटवायचा, गुरुजी. कागद तं तुमच्या घरी ढीगभर हाय. टिकली काऊन लावली? मी तिच्यावर भरोसा ठेवला ना.”

 देवाला न मानण्याची सगळी उत्तरं बाबांजवळ होती, पण तिनं ते विचारलंच नव्हतं.

तिच्या बोटावर ती टिकली तशीच होती. टाकून द्यायची तिची तयारी नव्हती. आणि स्वतःचं कपाळ तिनं नवरा गेल्यापासून मोकळं ठेवलं होतं. विधवांनी कुंकू लावावं असं आम्ही किती वेळा छापलं आहे. तिनं माझा हात ओढला आणि मनगटाच्या मागे टिकली दाबून बसवली. “घे, तुमच्या घरची हाय,” म्हणाली आणि उतरली.

बाबांनी गाडी त्याच आठवड्यात बायपासवर नेली. इंजिन उघडलं, व्हॉल्व्ह जळलेलाच निघाला. तो बदलल्यावर मेकॅनिकनं पिन खोचून दिवा पुसला. यावेळी आम्ही हिवरा आश्रमापर्यंत गेलो, पुढे चिखलीपर्यंत गेलो. दिवा लागला नाही. दोघंही मीटरकडे बघत होतो.

दुरुस्तीचं पत्रक बाबांनी मला लिहायला सांगितलं. “काही गाळू नको,” म्हणाले. मी झपाट्यानं लिहिलं. शिक्षकानं, विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं, ज्या श्रद्धेविरुद्ध तो लिहितो तिच्याच आडोशाला लपावं, वगैरे. वाक्यं छान जमत होती. मग ‘हे सर्व घडताना मी मागच्या सीटवर’ इथे आले आणि पुढे जाईना. आधीचं सगळं पुन्हा वाचलं तेव्हा त्यातली मजा मलाच ऐकू आली. कागद फाडला. नंतर आम्ही दोघांनी मिळून साधं पत्रक लिहिलं, दोघांच्या सह्यांचं, पण छापायला देण्याआधी बाबा म्हणाले, “आधी दुसरबीडला देऊन येऊ.”

गेलो. दुकानासमोर एक दुसरीच जुनी गाडी उभी होती. मुलानं कागद वाचला, मान हलवली, गल्ल्याखाली ठेवला. म्हातारी काठी टेकत आमच्या गाडीपाशी आली.

“लाव बरं किल्ली,” ती मला म्हणाली.

मी किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, पिवळाही. ती दचकली. मी गाडी चालू केली तसा तो विझला.

“किल्ली फिरवली की लागतोच, आजी. मग जातो. दुरुस्त झालं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हात आत घालून मीटरची काच बोटांनी चाचपली, इकडून तिकडे, अगदी कडेपर्यंत. मी हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. काचेवर काही लागलं नाही, तरी तिनं पुन्हा एकदा बोट फिरवलं.

“चहा घेऊन जा,” ती म्हणाली.