बाई तक्रार करत होत्या

बातमी आली ती चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पांढऱ्या फुलांचं चित्र, त्यावर तिरप्या अक्षरांत 'आपल्या मंडळीच्या ज्येष्ठ सेविका सुशीला साळवे प्रभूमध्ये निजल्या', आणि खाली जोडलेल्या हातांची रांगच रांग. शाळेतल्या समुपदेशकाच्या खोलीत मी नुकताच डबा उघडला होता. संदेश कुणी पाठवलाय ते पाहिलं आणि घास परत डब्यात ठेवला. चर्च कमिटीच्या ज्या सचिवांनी अकरा वर्षांपूर्वी बाईंच्या हातातून तरुण संघ काढून घेतला होता, फुलं त्यांनीच पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी दफनविधीआधीच्या उपासनेत तेच बोलायला उभे राहिले. पाळकसाहेब नवीन आहेत, त्यांना बाई फारशा माहीत नव्हत्या. सचिव म्हणाले, "बाईंनी चाळीस वर्षं सेवा केली, पण कधी तक्रार केली नाही." सगळ्या माना हलल्या. मागे कुणी तरी हुंदका दिला. माझी मात्र कानशिलं तापली. तक्रार केली नाही? अहो, बाईंनी तक्रारीशिवाय दुसरं काय केलं? पंखे चालत नाहीत म्हणून तक्रार. तरुणांच्या हॉलमध्ये लग्नाची पातेली ठेवतात म्हणून तक्रार. कमिटीतल्या वडीलधाऱ्यांची मुलं तेवढी नाताळच्या नाटकात राजे होतात आणि बाकीच्यांची मेंढरं, म्हणून तक्रार. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. तिथल्या मोठ्या खाकी पाकिटांच्या पाठीवर त्या कमिटीला अर्ज लिहायच्या. असे किती अर्ज सचिवांनी स्वतःच्या हाताने घेतले असतील! आणि आता शवपेटीशेजारी उभं राहून... मलाही तीन मिनिटं दिली होती. आत शिरतानाच पायरीवर सचिव हळूच म्हणाले होते, "स्नेहल, चांगलं चांगलं बोल हं." आणि मी चांगलं चांगलं बोलले. बाईंचा वक्तशीरपणा, सहली, गाणी. बोलून खाली बसले. त्याला आता पाच आठवडे झाले. त्या तीन मिनिटांत जे बोलायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

मी मूळची मनमाडची. बाविसाव्या वर्षी तरुणांमध्ये सेवा करण्यासाठी एका वर्षाची इंटर्न म्हणून नाशिकच्या त्या चर्चमध्ये आले. इंटर्न हा शब्द मंडळीला नवा होता. दोन आज्या तर मला कायम 'इंटरनेटवाली' म्हणत. पाठीला गिटार, डोक्यात खेळांच्या आणि शिबिरांच्या कल्पना. मला वाटत होतं, मी आले की तरुण संघ नुसता उसळेल. पहिल्या रविवारी बाई फाटकातच उभ्या होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "मनमाडची ना तू? ती गिटार आज आत ठेव. आधी सगळ्यांची नावं पाठ कर. आणि कोण आलं नाही ते मला सांग. आलेल्यांची काळजी कुणीही घेतं." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'मनमाड' झाले. कुणाचं रडं आवरत नसेल तर त्या त्याच्यासमोर उभ्या राहून एक्स-रेच्या खोलीतल्यासारखं म्हणायच्या, "श्वास घे. रोख. आता सोड." पोरं हसायची आणि बोलायला लागायची. मला शिबिरात शिकवलेलं सगळं त्यापुढे पोकळ वाटे. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा.

मी आल्याच्या तिसऱ्या महिन्यात शालिनीचं कळलं. एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आमच्यात सगळ्यांत स्वच्छ गळ्याची. तिला दिवस गेले होते. मुलगा आमच्याच मंडळीतला, उपासनेत ढोलक वाजवणारा. त्याने हात वर केले. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. सचिवही बसलेले होते. साहेब म्हणाले, "तू मुलगी आहेस, तुझं ऐकेल ती. बाळंतपण होईपर्यंत तरुण संघात येऊ नको म्हणावं. बाकीच्या मुलींवर परिणाम होतो. प्रेमाने सांग." माझ्यावर सोपवलेलं ते पहिलं मोठं काम. मला चक्क अभिमान वाटला. स्कूटी काढून मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने चहा टाकला. मी प्रेमाने सांगितलं. शालिनी भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एकच विचारलं, "हे बाईंनी सांगितलंय?"

तिचे डोळे पाहून मला कळलं, नाही म्हटलं तर ही येणारच. म्हटलं, "हो... बाईंचंही तेच मत आहे."

तिने मान खाली घातली. चहा मी पूर्ण प्यायले.

रविवारी बाईंनी मुलांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "शालिनी कुठाय?" मी सांगितलं. पाळकसाहेबांचा निरोप सांगितला, आणि कसा कोण जाणे, तो शेवटचा प्रश्न आणि माझं उत्तरही सांगून टाकलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या नावावर? माझ्या नावावर खोटं बोललीस तू त्या पोरीला?" तीस मुलं तशीच सोडून त्या माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. "चल." दारात शालिनीची आई उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. "मामाकडे पाठवलं तिला. निफाडला," एवढं बोलून तिने दार लावलं. बाई त्या बंद दाराशी किती तरी वेळ उभ्या होत्या.

पुढच्या रविवारी उपासनेत सूचनांच्या वेळी त्या उठल्या. "एका पोरीला आपण घालवलं," म्हणाल्या. "ज्या पोरामुळे हे झालं तो तिथे ढोलक घेऊन बसलाय. त्याला निरोप द्यायला कोण गेलं होतं?" सचिवांनी खूण केली, माईक बंद झाला. पण बाईंना माईक कधी लागलाच नाही. "विचारतेय मी! कोण गेलं होतं?" पुढच्या बाकावर मुलाचे वडील. सगळे पायांकडे बघत बसले. ऑर्गन वाजवणाऱ्याला खुणावलं गेलं आणि गीत सुरू झालं. बाई उभ्याच होत्या आणि त्यांचा आवाज बुडवत आम्ही सगळे गात होतो. मीही.

आठवड्याच्या आत कमिटी बसली. मंडळीची बेअब्रू केली, हा आरोप. साक्षीला मला बोलावलं. सचिवांनी विचारलं, "शालिनीकडे तुला कुणी पाठवलं होतं का?" पाळकसाहेब माझ्यासमोर बसले होते, पेनाचं टोपण काढत, लावत. मला वर्षाअखेरचं त्यांचं शिफारसपत्र हवं होतं. पुढे शिकायचं होतं. एवढंच... याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मी म्हटलं, "नाही. मी स्वतःहून गेले होते."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "श्वास सोड, मनमाड. झाला फोटो काढून."

त्याच बैठकीत बाईंनी सव्वीस वर्षं सांभाळलेला तरुण संघ त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिला. आणि मी घेतला. उरलेले महिने मी गिटार वाजवली, खेळ घेतले, शिबिर केलं. अहवालात सगळं छान होतं. बाई दर रविवारी येत, शेवटच्या बाकावर बसत, उपासना संपली की कुणाशी न बोलता पिशवी उचलून जात. मला त्यांचाच राग यायला लागला. एवढी आग होती तर भांडत का नाहीत? दुसऱ्या चर्चमध्ये का जात नाहीत? हरल्या, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ते ठरवणं माझ्या सोयीचं होतं. वर्ष संपलं, शिफारसपत्र मिळालं, मी समुपदेशन शिकले, नाशिकलाच नोकरी लागली. एकदा सिटी बसच्या थांब्यावर बाई भेटल्या. मी सुरुवात केली, "बाई, त्या दिवशी मी..." त्यांनी हात वर केला. "माझी माफी नंतर माग. आधी शालिनीची." त्यांची बस आली, त्या चढल्या. निफाड इथून कितीसं दूर आहे? मी गेले नाही.

दफनानंतर दोन आठवड्यांनी फोन आला. "शालिनी बोलतेय. बाईंच्या खोलीवर रविवारी तीन वाजता येशील?" तिला माझा नंबर कुठून मिळाला, का बोलावतेय, हे न विचारताच मी हो म्हटलं.

बाई निवृत्तीनंतर सातपूरला दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या. मी कधीच तिथे गेले नव्हते. दार उघडंच होतं. खाट भिंतीला उभी टेकवलेली, आणि खोलीभर खुर्च्या. पंधरा. प्लॅस्टिकच्या, लोखंडी, एक दवाखान्यातली जुनी, एक पाय तारेने बांधलेली. त्यांवर माणसं. नवऱ्याला सोडून आलेली एक मुलगी, जिला गायनमंडळातून वगळलं होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला एक जण. असे सगळे, ज्यांना कुणी ना कुणी प्रेमाने निरोप दिला होता. निरोप कळला की बाई पुढच्या रविवारी त्यांच्या दारात जायच्या आणि म्हणायच्या, "तीन वाजता माझ्याकडे ये." दहा वर्षं हे चालू होतं. उपासना संपताच पिशवी उचलून त्या जायच्या, ते या माणसांचा स्वयंपाक करायला.

शालिनी निफाडच्या द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये कामाला आहे. तिची दहा वर्षांची लेक खिडकीत बसून चित्र काढत होती. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "शालिनी, ते बाईंनी सांगितलं नव्हतं. मी खोटं बोलले होते."

"माहितेय," ती म्हणाली. "बाई त्याच आठवड्यात मामाकडे आल्या होत्या. तू कधी येतेस, ते बघत होतो आम्ही."

"बाईंनी मला माफ..."

"नाही," शालिनी म्हणाली. "राग होता त्यांना तुझा. शेवटपर्यंत. पण तुझा नंबर भिंतीवर लिहून ठेवलेला होता त्यांनी."

मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. महिनाअखेरीला घरमालकाला खोली रिकामी हवी होती. चर्चचा तरुणांचा हॉल रविवारी दुपारी बंदच असतो. तो मिळावा म्हणून अर्ज लिहायचा होता. मी लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि मी तो सचिवांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि हसून म्हणाले, "अगं, त्या हॉलला बाईंचंच नाव देतोय आपण. संगमरवरी पाटी सांगितलीये. तो कार्यक्रम होऊ दे आधी, मग बघू." पाटीवर काय असणार, तेही त्यांनी सांगितलं. 'शांत व नम्र सेविका.'

खोली गेल्या शनिवारी रिकामी झाली. आम्ही टेम्पो केला आणि त्या पंधरा खुर्च्या चर्चच्या आवारात आणल्या. हॉलला कुलूप होतं, म्हणून त्याच्या दारासमोरच मांडल्या आणि रविवारी तीन वाजता तिथेच बसलो. उठताना कुणीच खुर्च्या बाजूला केल्या नाहीत. अजून त्या तिथेच आहेत, तारेने बांधलेली सगळ्यांत पुढे. पाटीचं अनावरण करायला येणाऱ्यांना त्यांच्यातूनच वाट काढत यावं लागेल.