जेट बोटीला वल्हं

आमच्या धाकट्या भाऊजींनी बोट घेतली तेव्हा घरात कोणी "का घेतली" असं विचारलं नाही. जमिनीचे पैसे आल्यावर गावात प्रत्येकाने काही ना काही घेतलंच होतं. शेजाऱ्यांनी शर्यतीचे बैल घेतले, समोरच्यांनी पोरीच्या हळदीला अख्खा ऑर्केस्ट्रा आणला. त्या मानाने बोट म्हणजे समजूतदारपणा. ती सेकंडहँड होती आणि गोव्याहून ट्रकवर बसून आली होती. मला फक्त एवढंच सांगण्यात आलं, "वहिनी, फायबरचीच आहे. काही बदल करायचे असले तर तुमचा कारखाना आहेच."

माझा कारखाना म्हणजे डोंबिवलीच्या एमआयडीसीतली एक शेड. तिथे आम्ही फायबरच्या टाक्या, वॉचमनच्या केबिनी आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवतो. माझं माहेर स्टेशनजवळचं, सासर पश्चिमेच्या खाडीकाठी. लग्नाआधी पाण्याशी माझा संबंध नळ आला की गेला, इतकाच होता. तरीही त्या बोटीचं पोट उघडून पाहिल्यावर ती मला भाऊजींपेक्षा लवकर समजली. तिला बाहेर फिरणारा पंखा नसतो. बुडाशी एक जाळी असते, तिथून ती पाणी आत ओढते आणि मागच्या नळीतून जोरात फेकते. त्या धक्क्यावर ती पळते, आणि वळते ती नळी डावी-उजवीकडे फिरली की. म्हणजे थांबायचं म्हणून जोर काढून घेतला, की वळणंही थांबलं. एकदा वेग सुटला की ती कोणाचं ऐकत नाही. भाऊजींना ती का आवडली असेल हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

दुसरी अडचण खाडीची. जाळीपाशी जे येईल ते बोट गिळते, आणि आमच्या खाडीत काय येत नाही? जलपर्णी येते, पिशव्या येतात, एकदा तर एका शाळेचं अख्खं दप्तर आलं. अडकलेलं काढायला मागच्या फळीत एक गोल झाकण दिलेलं असतं. इंजिन बंद करायचं, झाकण फिरवायचं, हात आत घालायचा, कचरा काढायचा. आमच्या पाण्यासाठी त्या बोटीत सगळ्यात कामाची वस्तू तीच.

दर रविवारी बंदरावर जेट बोटवाल्यांची सभा भरायची. भाऊजी, कळव्याहून येणारे त्यांचे एक मित्र, आणि अधूनमधून कोणीतरी तिसरा. बोटी पाण्यात कमी आणि चर्चेत जास्त असायच्या. विषय एकच, कंपनीने बोट बनवताना काय काय विसरलंय. मी एखादं माप घ्यायला गेले की माझ्यापुढे मागण्यांची रांग लागे.

"वहिनी, कप ठेवायला खड्डे पाहिजेत," भाऊजी म्हणाले.

"आहेत की."

"ते बसणाऱ्यांपुरते आहेत. एका हातात एक, दुसऱ्यासाठी एक, असं नको?"

"मग बोट चालवणार कोण?"

कळव्याच्या मित्रांना हळू चालताना बोट सरळ जायला हवी होती. त्यासाठी मागे माशाच्या परांसारखे दोन पंख बसवायचे, असं त्यांनी कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं. ही मागणी खरोखर शहाणपणाची होती. पण लगेच त्यांनी देव्हारा मागितला, तोही आतून दिवा लागणारा, आणि देव्हाऱ्याच्या खाली ट्रकचा भोंगा. "देवासमोर भोंगा?" मी विचारलं. "समोर नाही, खाली," ते म्हणाले. भाऊजींना बसायच्या गाद्या तापतात म्हणून छप्पर हवं होतं, पण छप्पर घातलं तर फोटोत तोंड काळं येतं, म्हणून नकोही होतं. मी म्हटलं, ठरवा आणि सांगा. अजून ठरलेलं नाही.

स्पीकरला मात्र मी साफ नाही म्हटलं. त्यांना ते मागच्या फळीवर हवे होते, म्हणजे नेमके त्या गोल झाकणावर. "मग झाकण उघडता येणार नाही," मी सांगितलं. "लागतंय कधी झाकण?" भाऊजी म्हणाले, आणि विठ्ठलवाडीच्या एका टेम्पोला डीजे बसवणाऱ्या माणसाकडून काम करून आणलं. पेटी मजबूत होती. तो माणूस स्क्रू मारताना हात आखडता घेत नाही.

हे सगळं माझ्या सासूबाई खुर्ची टाकून ऐकत असायच्या. त्यांना आम्ही आई म्हणतो. आईंचं माहेर खाडीपलीकडे, आमच्या बंदरावरून दिसतं एवढ्या अंतरावर. लग्न होऊन त्या होडीने आल्या. पुढे होड्या बंद झाल्या आणि भाऊबीजेला भावाकडे जायचं म्हणजे लांबच्या लांब रस्त्याने रिक्षा. आता तर पूलही झाला, पाणी न बघता माणूस पलीकडे पोचतो. आईंना त्याचाच राग. एका रविवारी त्यांनी सभेत तोंड घातलं.

"मना यंदा भाऊबीजंला होरीनशी जायाचंय. तुजी होरी हाय ना? मंग?"

भाऊजी एकदम खूश. "आई, पाच मिनिटांत पोचवतो!"

"पोचवशील र. पन मी चरू कशी?"

सगळ्यांनी बोटीकडे पाहिलं. बोटीची कड आईंच्या कमरेला लागत होती. आईंचे दोन्ही गुडघे असे, की घराच्या उंबऱ्यालाही त्या आधी शिव्या देतात आणि मग ओलांडतात. बोट बनवणाऱ्याने गिऱ्हाईक उडी मारणारं धरलं होतं. कळव्याचे मित्र म्हणाले, "उचलून घेऊ की."

"मेल्यावर उचला," आई म्हणाल्या. "जित्ती हाय तवर माजे पायान जायाची."

या मागणीवर मात्र मला हसू आलं नाही. दिवाळी जवळ आली होती, आईंचा भाऊ त्यांच्याहून थोरला, आणि येत्या वर्षी दोघांपैकी कोणाचे गुडघे सुधारतील असं काही नव्हतं. मी आईंना शेडमध्ये बोलावलं, एकेक वीट रचत गेले आणि पाय किती उचलतो ते पाहिलं. तेवढ्याच उंचीची दुमडणारी पायरी बोटीच्या कुशीला बसवली, वर धरायला दांडा, पायाखाली खरखरीत फायबर. भाऊजी नाराज झाले. बोटीची लाइन बिघडली म्हणे. आईंनी पायरीवर उभं राहून, दांडा धरून दोनदा उड्या मारल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "ही बरी बसली. बाकी होरी मंग बनवली असती तरी चाललं असतं."

भाऊबीजेच्या दिवशी भरती दुपारनंतर होती. आईंच्या माहेरचा धक्का भरतीलाच कामाचा. पाणी उतरलं की धक्क्यापुढे नुसता चिखल, गुडघ्याएवढा. त्यात आईंना उतरवणं शक्य नव्हतं, आणि उचलून घ्यायचा विषय आधीच संपला होता. म्हणून भरतीच्या माथ्यावर निघायचं आणि ओहोटी जोर धरायच्या आत पोचायचं, असं ठरलं. माझे यजमान म्हणाले, "फराळाचे डबे मी स्कूटरवर घेऊन पुलावरून येतो. बोटीत भिजायला नकोत." पोहता येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. माझा भाऊ सकाळीच ओवाळून घेऊन, जेवून, आमच्याकडेच झोपला होता. धाकटी जाऊ तिच्या भावाची वाट बघत घरी थांबली, पण बोट तिने सजवून दिली होती. पुढे हार, मागे हार, दांड्याला हार.

"वाऱ्याने तुटतील की गं," मी म्हटलं.

"नाही तुटणार वहिनी, तंगुसात ओवलेत." तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. खाडीकाठच्या घरात तो सुईदोऱ्याच्या डब्यातच असतो.

आई जरीच्या लुगड्यात आल्या. त्यावर मी तरंगायचं नारिंगी जाकीट चढवलं. खूप वाद झाला. शेवटी "जाकीट नाही तर बोट नाही" म्हटल्यावर त्यांनी ते घातलं आणि गळ्यातली माळ बाहेर काढून जाकिटावर नीट ठेवली. पायरीवर पाय, दांड्यावर हात, आणि आई बोटीत. धक्क्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी गाणं लावलं.

खाडीच्या मधोमध आल्यावर आई ओरडल्या, "थांबव! खारीचा मान द्यायचा हाय!"

ही आमच्याकडची रीत. होडीने सणाला जाताना मध्यावर खाडीला नारळ आणि हार द्यायचा. भाऊजींनी वेग कमी केला, मागचा सगळ्यात मोठा हार सोडला आणि नारळासकट दोन्ही हातांनी पाण्यात वाहिला. नारळ डुलत निघून गेला. हार मात्र गेला नाही. तो बोटीखाली सरकला, इंजिनाने एक उसासा टाकला, आणि बोट पळायची थांबली. भाऊजींनी जोर दिला. आवाज वाढला, बोट हलेना. खाडीचा मान बोटीनेच घेतला होता.

"इंजिन बंद करा," मी म्हटलं. "चावी माझ्याकडे द्या."

गाणं थांबलं. तेव्हा पाणी ऐकू यायला लागलं, आणि ते कुठे चाललंय हेही दिसायला लागलं. ओहोटी लागली होती. पलीकडचा धक्का आमच्यापासून बाजूला सरकत होता. तिथे उभे असलेले आईंचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, त्यांचं पांढरं धोतर, आणि शेजारी आमचे स्कूटरवाले, सगळं बारीक होत चाललं होतं.

"आपून कुठं चाललो?" आईंनी विचारलं.

"कळव्याकडे," भाऊजी हळूच म्हणाले.

"कलव्यान माजा कोन भाऊ नाय. वल्हा काढ."

"आई, जेट बोट आहे. वल्हं नसतं."

आईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कप ठेवाला खड्डे हायेत. रंगीत दिवे हायेत. यवरी मोठी होरी, न वल्हा नाय? तुजे आज्याची होरी फुटकी होती, तिला पन वल्हा होता."

मी मागच्या फळीकडे गेले. झाकणावर विठ्ठलवाडीची पेटी घट्ट बसलेली. माझ्या पर्समध्ये टेस्टर असतो, घर चालवणाऱ्या आणि कारखाना चालवणाऱ्या बाईकडे तो असावाच. एकेक स्क्रू काढत गेले. भाऊजी स्पीकर धरून बसले होते, एखादं मूल मांडीवर घ्यावं तसे.

"वहिनी, जपून, वायर तुटेल."

"तुटली तर विठ्ठलवाडीला पोहत जा."

झाकण निघालं. भाऊजींनी हात आत घातला. मनगटावरचं सोन्याचं कडं तोंडाशीच अडकलं. कडं निघेना, कारण ते घातल्यापासून भाऊजी अंगाने भरले होते. मग मी बाही वर केली. आत गार पाणी, आणि बोटांना झेंडू लागला. ओढलं तर फुलं हातात येत होती, पण दोरा पात्यांभोवती घट्ट बसलेला. जावेने खरंच मजबूत ओवला होता.

"कापायला काही आहे का?"

भाऊजींनी बोटीची स्क्रीन चालू केली, जणू सुरी तिच्यातच सापडणार होती. आईंनी जाकिटाखालून कमरेची पानाची चंची काढली आणि माझ्या हातात अडकित्ता ठेवला. "पुसून दे नंतर, सुपारी कातराची हाय," त्या म्हणाल्या. अडकित्त्याने मी आतल्या आत दोरा कातरला, हाताला लागेल तसा. एकेक तुकडा बाहेर आला, पाकळ्यांचा चिखल झालेला. शेवटी पाती मोकळी फिरली. मी झाकण लावलं, चावी परत दिली आणि उरलेले सगळे हार काढून स्वतःच्या पायाखाली ठेवले.

आम्ही धक्क्याला पोचलो तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं. धक्क्याच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि कडेला चिखल चमकायला लागला होता. माझी पायरी आमच्या बंदरावरून चढण्यापुरती होती. इथून धक्का डोक्यावर होता. आईंनी वर पाहिलं, पायरीकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता मागे फिरायचं म्हणणार.

वरून मामा म्हणाले, "इतकी वरसं रिक्षान आली, न आज जाकीट घालून आली. पोलिसान भरती झाली क?"

"गप. खाली ये."

"मी कसा येऊ? माजे गुडघे..."

"माजे काय नवीन हायेत? बसून ये."

मामा बसून आले. एकेक पायरी, धोतर सांभाळत, यजमानांचा खांदा धरून. शेवटच्या ओल्या पायरीवर ते पाय सोडून बसले. भाऊजींनी धक्क्याची कडी दोन्ही हातांनी धरून बोट दाबून ठेवली. आई माझ्या पायरीवर उभ्या राहिल्या, डाव्या हाताने दांडा धरला, आणि मी त्यांच्या उजव्या हातात तबक दिलं. दिवा वाऱ्याने विझला. आईंनी तो तसाच ओवाळला, टिळा लावला, वर अक्षता टाकल्या. मामांनी खिशातून पाकीट काढून दिलं, ते आईंनी जाकिटात खोचलं.

"जेवून जा," मामा म्हणाले.

"पानी थांबल क माजेसाठी?"

नाहीच थांबलं असतं. आम्ही लगेच फिरलो. आमच्या सगळ्यांच्या वाटचं जेवण यजमान पलीकडे थांबून जेवले आणि पुलावरून, सुके, घरी आले.

पुढच्या रविवारी स्पीकरची पेटी बोटीवरून खाली उतरली होती. वल्हं मी लाकडीच आणलं आणि बोटीच्या आतल्या कडेला फायबरच्या दोन खोबणी करून बसवलं. भाऊजींनी त्यावर टॉवेल घालून ठेवला. जेट बोटीत वल्हं दिसलं तर लोक काय म्हणतील, अशी त्यांना काळजी. कळव्याच्या मित्रांना ते सांगत होते, "पायरीची आयडिया माझीच. वयस्कर माणसांचा विचार कंपनी करत नाही ना." मित्र माझ्याकडे वळले. "वहिनी, मला पण पायरी करून द्या. आणि ते टॉवेलखालचं काय आहे, तेही. पण काळ्या रंगात."

"आधी तुमच्या आईला शेडमध्ये घेऊन या," मी म्हटलं. "माप त्यांचं लागेल."

आई आता अधूनमधून बोटीतून चक्कर मारतात. बंदरावर आल्या की आधी वाकून टॉवेल उचलतात, वल्हं आहे ना बघतात, आणि मगच पायरीवर पाय ठेवतात.