न पाहिलेल्या सिनेमाला चार लिंबं

भोरच्या केशवरावांना भुताची भीती वाटते की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. पण त्यांना माणसांचा संशय येतो, यावर मात्र सगळ्या आळीचं एकमत आहे. दूधवाला हसला तर दुधात पाणी, आणि नाही हसला तर पाणी जरा जास्तच, असं त्यांचं गणित. त्यांचा तरी काय दोष म्हणा. चौतीस वर्षं मोजणी खात्यात गेली. वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर साखळी ओढत फिरायचं, आणि जिथे जावं तिथे कुणीतरी बांधावरच्या दगडाकडे बोट दाखवून सांगायचं, "साहेब, ह्यो धोंडा आज्याच्या वक्तापासनं हितंच हाय." धोंड्याखालची माती बघावी तर ताजी उकरलेली, ओली. असा माणूस निवृत्त झाला म्हणून एका रात्रीत भोळा कसा होणार?

या केशवरावांना वेड भयपटांचं. कोरियाचे, तुर्कस्तानचे, कुठकुठले भुताचे सिनेमे हुडकून बघत. एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, नाहीतर पोटात दुखत राहील. पडद्यावर व्हायोलिन कुरकुरायला लागलं, की केशवरावांचा अंगठा रिमोटवर जायचा आणि आवाज थेट शून्यावर. मग भूत कितीही विद्रूप असो, ते टक लावून बघत. नखं मोजत, दात मोजत. पण आवाजासकट भूत त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. स्वयंपाकघरातून शैलजाताई म्हणायच्या, "आलं वाटतं भूत. घर एकदम शांत झालं."

हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेर केशवराव म्हणजे 'अमावस्या मंडळ, भोर-वेल्हे' या व्हॉट्सॲप ग्रुपचे संस्थापक. सभासद पस्तीस, बोलणारे चार. सिनेमाला गुण द्यायचे ते लिंबांत, पाचपैकी. कामथडीच्या शाळेतल्या सुलक्षणाबाई सगळ्यात आधी मत द्यायच्या. सोमनाथ टेम्पो चालवायचा आणि फाट्याफाट्यावर थांबून मोबाईलवर सिनेमे बघायचा. उत्रोलीचे गेनबा भातशेती सांभाळून भुतांची जात ठरवायचे. परदेशी भुतांवर त्यांचा विशेष राग. "तेला ना मीठ-मोहरीची भीती, ना लिंबाची. असलं भूत आमच्या शिवारात दोन दिस टिकायचं न्हाई," असं ते लिहून मोकळे व्हायचे.

मंडळाची एक प्रथा होती. पितृपक्षात लग्नं नसतात, त्यामुळे बाजारपेठेमागचं मंगल कार्यालय पंधरा दिवस ओस. मालक म्हणायचा, कुलूप लावून ठेवण्यापेक्षा तुम्हीच बसा. म्हणून सर्वपित्री अमावस्येला सकाळी कावळ्याला घास ठेवून, पोटभर जेवून, दुपारी चारला मंडळ तिथे जमायचं. पडदे ओढायचे आणि भिंतीवर एक भयपट लावायचा. कोणता, ते सहा वर्षं केशवराव ठरवत आले होते. रिमोटही अर्थातच त्यांच्याच हातात. आवाज मध्येच गेला की ते पुटपुटायचे, "वायर सैल आहे." सहा वर्षं ती वायर सैलच होती. वर्षातून या एका दिवशी भोरात त्यांना कुणी 'साहेब' म्हणायचं, आणि तेवढ्यावर बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस निघायचे.

आणि मग ग्रुपवर आला वेल्ह्याचा सावळाराम.

सावळाराम शिंपी. वेल्ह्याच्या बाजारात तहसील कचेरीकडे जाताना त्याचं दुकान. अक्षर एक लिहायचा नाही, नुसता बोललेला निरोप पाठवायचा, मागे शिलाई मशीन खडखडतंय. पण बोलायचा असं, की पस्तीस जण कानाला मोबाईल लावून बसत. "पयला अर्धा तास काय न्हाई, खुशाल च्या प्या. बाई जिना चढाया लागली की मातुर सावध ऱ्हावा. पायऱ्या आठ वाजत्यात. बाई सातच चढली. आठवी कुनाची, त्येचा इचार करा." बस. एवढंच. तेवढ्यावर सोमनाथनं टेम्पो कडेला घेतला आणि सिनेमा बघितला. सुलक्षणाबाईंनी लिहिलं, "सावळारामदादा, तुम्ही सांगितल्यावरच खरा कळला."

केशवरावांनी तो सिनेमा दोनदा पाहिला होता. पायऱ्या वाजलेल्या त्यांना ठाऊक नव्हत्या, कारण तेव्हा त्यांच्या घरी काहीच वाजत नव्हतं. तिथे त्यांच्या मनात पहिलं कुसळ गेलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मोजणीची जुनी वही काढून त्यांनी सावळारामचे सगळे निरोप पहिल्यापासून ऐकले. एकूण एकतीस. भुताच्या चेहऱ्याचा उल्लेख: नाही. कपड्याचा रंग: नाही, आणि तेही शिंप्याच्या तोंडून. केस, नखं, डोळे: नाही, नाही, नाही. वही मिटून ते म्हणाले, "हा माणूस सिनेमे बघतच नाही. कुणाकडून तरी ऐकतो आणि इथे शहाणपणा झाडतो."

"असेल," शैलजाताई केळफूल सोलत होत्या. "दुसऱ्याचं अर्धवट असतं, ते तुम्हाला बरं सापडतं."

भाद्रपद लागला आणि सोमनाथनं ग्रुपवर टाकलं, "यंदा अमुशाचा पिक्चर सावळारामदादानं निवडावा असं माझं मत हाय. साहेबांना बी इश्रांती." खाली धडाधड अंगठे उठले. केशवरावांनी मोजले: अठ्ठावीस. विश्रांती हा शब्द त्यांना पुन्हा एकदा निवृत्तीच्या निरोप समारंभासारखा लागला.

त्या दुपारी त्यांनी फासा लावला. समोर पुन्हा केळफुलाची सालं पडली होती, त्यावरून नाव सुचलं. ग्रुपवर लिहिलं: "केलापुंग. इंडोनेशिया, २०१९. एक तास बावन्न मिनिटं. शोधलात तर सापडेल. शेवट कुणी फोडू नये. पाचपैकी साडेचार लिंबं. सावळारामांचं मत ऐकायला उत्सुक." असा सिनेमा पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. सावळाराम काहीतरी ठोकून देणार, आणि ठोकलं की आपण ठोकायचं.

चाळीस मिनिटांत मोबाईल वाजला. सुलक्षणाबाई. "आत्ताच पाहिला. शेवट थोडा ताणलाय. चार लिंबं." एक तास बावन्न मिनिटांचा सिनेमा बाईंनी चाळीस मिनिटांत उरकला होता.

संध्याकाळी सोमनाथ. "साहेब, इहिरीचा सीन एक नंबर. घाटात टेम्पो थांबवला."

केशवरावांनी आपला निरोप परत वाचला. विहिरीचं नाव त्यात कुठे नव्हतं.

"विहिरीपेक्षा मला ती म्हातारी जास्त अंगावर आली," सुलक्षणाबाईंचं उत्तर.

गेनबा तिथे आलेच. "म्हातारी न्हवं ती. हडळ हाय. पाय उलटं हुतं, नीट बघा."

"हो, ते मला दुसऱ्यांदा पाहिल्यावर लक्षात आलं," पुन्हा बाई.

केशवराव खुर्चीवर टेकले. सहा वर्षं या लोकांची मतं वहीत उतरवून घेतली होती त्यांनी. त्यातली खरी किती? तुर्की सिनेमाला बाईंनी दिलेली पाच लिंबं? गेनबांनी ओळखलेला तो खवीस? सगळ्या धोंड्यांखालची माती एकदम ओली दिसायला लागली. आणि ज्याच्यासाठी फासा लावला तो सावळाराम तीन दिवस गप्प.

चौथ्या दिवशी मशीनच्या खडखडाटातून आवाज आला. "साहेब, केलापुंग काय गावंना. परवा कापडाला भोरला येतोय. घरी आलो तर चालंल न्हवं?"

नसरापूरला एसटी बदलून सावळाराम आला. साठीचा, काटकुळा, जाड भिंगाचा चष्मा, खिशातून टेपचं टोक बाहेर. केशवरावांनी त्याला पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं. शैलजाताईंनी चहा ठेवला आणि, बायका मोक्याच्या वेळी करतात तसं, दारातच काहीतरी निवडत बसल्या.

"साहेब, समद्यांनी बगितला," सावळाराम म्हणाला. "माजी लेक रत्ना तीन दिस हुडकत हुती. ज्याला एक पिक्चर गावत न्हाई त्यानं अमुशाचा पिक्चर निवडायचा, हे काय बराबर न्हाई. तुमीच निवडा. ग्रुपवर आज तसं बोलनारच हाय, म्हनलं आदी तोंडावर सांगावं."

झालं. केशवराव जिंकले होते. आता फक्त मान हलवायची होती, की भिंत आपली, रिमोट आपला, साहेबकी आपली. पण मोजणीदाराची खोड, हद्द कायम झाल्यावरही एकदा साखळी टाकून बघायची.

"सावळाराम, त्या जिन्याच्या सिनेमात भुताचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं हो?"

"काय म्हाईत. म्या कुठं बगतो?"

इतक्या सरळ कबुलीची तयारी केशवरावांनी केली नव्हती.

"आवो, मोबाईल मशीनच्या ड्रावरात असतो," सावळाराम सांगू लागला. "पिक्चर चालू, शिलाई बी चालू. नजर हलली तर सुई बोटात. भीती कानातनं शिरती साहेब, डोळ्यातनं कुठं शिरती? धा वर्सं झाली, म्या भुताचं तोंड बगितल्यालं न्हाई. कुनी इचारलं बी न्हाई." त्याने बशीत चहा ओतला. "पन साहेब, राग नसंल तर एक इचारू? तुमचं समदं रत्ना मला वाचून दावती. नखं, दात, लुगड्याचा काठ, काय झ्याक लिवता. पन आवाजाचं त्यात एक अक्षर न्हाई. आनि अमुशाला वायर सैल असती म्हनं, सोमनाथ सांगत हुता... त्ये काय हाय नक्की?"

दारातून निवडण्याचा आवाज थांबला. केशवरावांनी तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शैलजाताईंच्या चेहऱ्यावर काय होतं ते दिसलं असतं.

"वायरीला काही झालेलं नाही," केशवराव म्हणाले. "आवाज मी बंद करतो. सहन होत नाही."

सावळारामने मान डोलावली, जणू गिऱ्हाइकाने कमरेचं माप खरं सांगितलं. आणि एक खरं सुटलं की मागचं अडत नाही, तसं झालं. "आणि केलापुंग नावाचा सिनेमा नाही. तुम्हाला पकडायला मी रचला."

बशी हवेत राहिली. आता संशय सावळारामच्या डोळ्यांत होता. "माज्यासाठी फासा?"

"हो."

"मंग बाईंची चार लिंबं कशाची?"

"तेच तर."

"आनि गेनबाची हडळ? उलटं पाय?"

"तेही तेच."

सावळारामने चहा संपवला, मग तोंड पुसलं. "बरं, मंग काय करनार? ग्रुपवर सांगनार?"

"सांगायला नको? सगळे थापाडे."

"सांगा की. पन मंग अमुशाला तितं बसंल कोन? तुमी आनि म्या. एक भैरा बगनार, एक आंदळा आयकनार. दोगांत मिळून एक पिक्चर."

शैलजाताई आता उघड हसल्या. केशवरावांना हसू आलं नाही. अपमान आहे की हिशेब, हे अजून त्यांचं ठरत होतं. पण सावळाराम एसटीला गेल्यावर त्यांनी मोबाईल उचलला आणि लिहिलं, "यंदाचा सिनेमा सावळाराम निवडतील. केलापुंग शोधण्यात ते सगळ्यात प्रामाणिक होते." शेवटचं वाक्य पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं, आणि पहिलंच तेवढं पाठवलं.

अमावस्येला कार्यालयात पडदे ओढले गेले. सोमनाथनं विचारलं, "साहेब, रिमोट?" केशवराव म्हणाले, "तूच ठेव." सोमनाथनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू यात काहीतरी गोम आहे. सुलक्षणाबाई गेनबांना सांगत होत्या की अमुक सिनेमात अमुक दार तीनदा वाजतं, आणि केशवराव मनात मोजत होते: ही खरी का? ही तरी? शेजारी सावळाराम बसला होता, बिनमशीनचा, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

सिनेमा सुरू झाला. अर्ध्या तासाने व्हायोलिन कुरकुरलं. सावळारामने सवयीने मान खाली घातली, मग आठवण होऊन वर काढली, चष्मा नीट केला. भिंतीवर ती आली. कुणीतरी मागे खुर्ची सरकवली.

सावळाराम केशवरावांकडे झुकला. "एवढीच व्हय? आवाजावरनं म्या लई मोटी धरली हुती."

केशवरावांनी डोळे भिंतीवरून न काढता दोन्ही कानांतली बोटं बाहेर घेतली.

"काय म्हणालात?"